जुन्या छोट्या विमानातला इलेक्ट्रिकल स्नॅग (बिघाड): डबे बदलायच्या आधी जोड मोजा

आमच्या हँगरमध्ये १९७४ ची एक सेस्ना १७२ उभी असते, चौदा व्होल्टवाली, आणि मी इंदूरला कामाला लागले तेव्हा तिच्या अ‍ॅमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा नाचायचा. नुसता थरथरायचा नाही, लँडिंग लाइट लावला की डावीकडे उजवीकडे झोके घ्यायचा आणि सोबत पॅनलचे दिवे कमीजास्त व्हायचे. माझ्या आधीच्या दोन वर्षांत तिचे दोन व्होल्टेज रेग्युलेटर बदलून झाले होते, एक अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) बदलून झाला होता, मालक वकील आहेत, सज्जन माणूस, दर वेळी मुकाट्याने पैसे भरायचे आणि पंधरा दिवसांत काटा परत सुरू. शेवटी आमच्या सिनियर इंजिनिअरनी, त्यांना आम्ही सरच म्हणतो, माझ्या हातात मीटर दिला आणि म्हणाले, "आता एकही डबा बदलायचा नाही, नुसते जोड मोजायचे." (डबा म्हणजे रेग्युलेटर, अल्टरनेटर असा आख्खा पार्ट.) दुपारच्या जेवणाच्या आत फॉल्ट सापडला. काय होतं ते खाली सातव्या पायरीत सांगते.

ज्यांनी नुकतंच जुनं विमान घेतलंय किंवा जे कोर्स करून हँगरमध्ये नवीन आलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. चाळीस-पन्नास वर्षांच्या विमानात नव्वद टक्के वेळा, असं मी माझ्या अनुभवाने म्हणते, बिघाड डब्यात नसतो, दोन डब्यांच्या मधल्या लगमध्ये (वायरच्या टोकाचा धातूचा कान), स्विचमध्ये, अर्थिंगमध्ये असतो. आणि डबा महाग असतो, लग साफ करायला काही लागत नाही.

१. आधी जीव, मग करंट

मॅग्नेटोला, म्हणजे इंजिनच्या स्पार्क प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राला, बॅटरी लागत नाही. मास्टर (सगळी वीज चालू-बंद करणारा मुख्य स्विच) बंद आहे, बॅटरी काढून ठेवलीये, तरी प्रॉप (पुढचा पंखा) हाताने फिरला तर इंजिन पेटू शकतं, कारण मॅग्नेटो बंद ठेवणारी वायर, जिला आपण पी-लीड म्हणतो, ती अर्थ झाली तरच मॅग्नेटो गप्प बसतो आणि ती तुटली तर चावी ऑफवर असूनही तो जिवंतच असतो. बाकी सगळ्या सर्किटमध्ये वायर तुटली की वस्तू बंद पडते, इथे बरोबर उलटं आहे. म्हणून प्रॉपच्या फेऱ्यात उभं राहायचं नाही, मिक्श्चर (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा कंट्रोल) कट-ऑफ, फ्युएल बंद, चाकांना चॉक. स्टार्टरची टेस्ट असेल तर स्पार्क प्लगच्या लीड काढून ठेवणं सगळ्यात बरं.

हातातली अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर पाना वेल्ड होतो, मी पाहिलंय.

२. कोण काय करू शकतं, आणि कागद

आपल्याकडे विमानावरचं काम लायसन्सवाल्या एएमईनेच (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) सर्टिफाय करावं लागतं. पिस्टन विमानासाठी लायसन्सची कॅटेगरी बी१.२, आणि रेडिओ-एव्हिऑनिक्सला बी२. मालक म्हणून तुम्ही बघू शकता, लिहून ठेवू शकता, एएमईच्या समोर उभं राहून मोजमाप करू शकता, पण स्क्रू उघडून वायर बदलली आणि कोणाला सांगितलंच नाही हा प्रकार नको. इन्शुरन्स सोडा, तुमच्यानंतर जो ते विमान उडवणार आहे त्याला माहीत असायला पाहिजे की आत काय झालंय.

कागदांमध्ये हे लागेल: तुमच्या सीरियल नंबरला लागू असलेला सर्व्हिस मॅन्युअल आणि त्यातला वायरिंग डायग्राम (सीरियल नंबर नक्की बघा, त्याच मॉडेलच्या पुढच्या वर्षाचा डायग्राम वेगळा असू शकतो), फ्लाइट मॅन्युअल, सगळी जुनी लॉगबुकं, आणि आधी कोणी रेडिओ, जीपीएस, एलईडी दिवे बसवले असतील तर त्यांचे मॉडिफिकेशनचे कागद. वायरिंगचं काम कसं करायचं यासाठी एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याचं, एसी ४३.१३-१बी हे सर्क्युलर, त्याचा ११ वा चॅप्टर वाचून काढा, फुकट मिळतं. पण तुमच्या विमानाचा मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचंच ऐकायचं.

विमानतळाच्या आत जायला एंट्री परमिट लागतं आणि टूलबॉक्स आत नेताना गेटवर यादी दाखवावी लागते, त्यामुळे यादी छापूनच ठेवा. परत येताना तीच यादी घेऊन पाने मोजा. विमानात राहिलेला एक स्क्रू ड्रायव्हर कंट्रोल केबलमध्ये अडकू शकतो, ही मोजणी कधीही टाळू नका.

३. सामान

- चांगला डिजिटल मल्टिमीटर, डीसी मिलिव्होल्ट आणि एसी व्होल्ट दोन्ही नीट दाखवणारा
- मगर क्लिपा लावलेल्या दोन लांब वायरी, प्रत्येकी चार-पाच मीटर (ह्या सगळ्यात कामाच्या)
- सिगार लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा प्लग, वायर बाहेर काढलेला, म्हणजे बसचं (सगळ्या सर्किटना वीज वाटणाऱ्या पट्टीचं) व्होल्टेज सीटवर बसून वाचता येतं
- टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, पांढरा कपडा
- स्कॉचब्राइट, कॉन्टॅक्ट क्लीनर, खाण्याचा सोडा
- वही, पेन. मोबाइलमध्ये लिहाल तर हरवेल

वायर, लग, फ्यूज, ब्रेकर यांचं मी अकराव्या पायरीत सांगते, तोपर्यंत महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकल बाजारात जाऊ नका.

४. स्नॅग नीट विचारून घ्या

पायलट येतो आणि सांगतो, "इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम आहे." एवढ्यावर काहीच करता येत नाही. त्याला बसवा, चहा द्या, आणि विचारा. कधी झालं, स्टार्टच्या वेळी, टॅक्सीत की वर? त्या वेळी काय काय चालू होतं? एकच वस्तू गेली की सगळं एकदम? गेलेलं परत आलं का, आपोआप की काही हलवल्यावर? वास आला का? पाऊस होता का, विमान धुतल्यावर झालं का? मागच्या महिन्यात पॅनलमागे कोणाचा हात गेला होता का? हा शेवटचा प्रश्न फार मोठा आहे. नवीन बिघाड बऱ्याचदा शेवटच्या कामाच्या आसपास असतो, म्हणून लॉगबुकचं शेवटचं पान बघा आणि तिथूनच शोधायला लागा.

एकच वस्तू बंद असेल तर तिचा ब्रेकर, तिचा स्विच, तिची वायर, तिचं अर्थिंग. दोन-तीन वस्तू एकदम गेल्या असतील तर डायग्रामवर बघा त्यांचं सामाईक काय आहे. सगळंच गेलं तर बॅटरी, मास्टर कॉन्टॅक्टर (मास्टर लावल्यावर बॅटरी जोडणारा मोठा रिले), मुख्य अर्थिंग. एवढी चाळणी लावली तरी अर्धं काम होतं.

५. बॅटरी

रात्रभर काही न लावता राहिलेली बारा व्होल्टची चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, चोवीसची २५.२ ते २५.४. बाराची १२.२ दाखवत असेल तर ती जवळपास अर्धी रिकामी आहे. आधी स्वतःचं विमान किती व्होल्टचं आहे ते बघा (चौदाच्या सिस्टिमला बाराची बॅटरी असते, अठ्ठावीसच्या सिस्टिमला चोवीसची), सेस्ना १७२ मध्ये १९७८ च्या मॉडेलपासून २८ व्होल्टची सिस्टिम आली, त्याआधीच्या चौदाच्या, आणि सेस्ना १५० चौदाची असते पण १५२ अठ्ठावीसची. ट्रकच्या चोवीस व्होल्टच्या बॅटरीने बारावाल्या विमानाला जंप दिला तर काय काय जळेल याचा हिशोब करायला नको.

नुसतं व्होल्टेज बघून बॅटरी पास करू नका. रिकामी उभी असताना १२.६ दाखवणारी म्हातारी बॅटरी स्टार्टर लावला की ७ वर बसते. कपॅसिटी टेस्ट बॅटरी बनवणाऱ्याच्या मॅन्युअलप्रमाणे करून घ्या, वर्षातून एकदा तरी. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, सील्ड असेल तर उघडायच्या फंदात पडू नका. बॅटरी बॉक्समध्ये पांढरं-हिरवं काही फुललेलं दिसलं तर ते अ‍ॅसिड आहे आणि ते अ‍ॅल्युमिनियम खातंय, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पण तो सोडा बॅटरीच्या सेलमध्ये एक थेंबही जाता कामा नये.

आणि पूर्ण मेलेल्या बॅटरीला जंप देऊन लगेच टेकऑफ करायचा नाही. अल्टरनेटरला चालू व्हायला फील्डचा (त्याच्या आतल्या चुंबक तयार करणाऱ्या कॉइलचा) करंट बॅटरीकडूनच मिळतो, आणि वर गेल्यावर अल्टरनेटर बंद पडला तर मागे काहीच नसतं. बॅटरी काढून चार्जरवर लावा, पूर्ण होऊ द्या.

उभं राहून बॅटरी उतरत असेल तर मास्टर बंद असतानाही जे चालू राहतं ते शोधा. जुन्या सेस्नात घड्याळ आणि कर्टसी लाइट थेट बॅटरीवर असतात, दाराजवळचा तो छोटा दिवा रात्रभर राहिला की सकाळी काम झालं. मीटर अँपिअरवर ठेवून निगेटिव्हमध्ये सिरीजला लावलात तर त्या वेळी मास्टर लावायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो.

६. मास्टर लावला, आवाज आला का?

बॅटरी मास्टर लावल्यावर "टक्" असा स्पष्ट आवाज येतो, तो मास्टर कॉन्टॅक्टर ओढल्याचा. नाही आला तर कॉन्टॅक्टरच्या त्या बारीक टर्मिनलवर मीटर ठेवा ज्यातून वायर स्विचकडे जाते, कारण बहुतेक विमानांत हा कॉइल स्विचमधून अर्थ होऊन चालतो. मास्टर बंद असताना इथे बॅटरीचं व्होल्टेज दिसायला हवं आणि मास्टर लावल्यावर ते शून्याच्या जवळ यायला हवं. लावूनही बॅटरीएवढंच राहिलं तर स्विच किंवा त्याचं अर्थिंग गेलंय. दोन्ही वेळा शून्य असेल तर कॉइल तुटलाय. शून्यावर येतंय पण आवाज नाही, तर कॉन्टॅक्टर अडकलाय. दोन मिनिटांत तीन शक्यता वेगळ्या होतात, आणि तरी लोक थेट नवीन कॉन्टॅक्टर मागवतात.

७. ड्रॉप मोजणं, हेच खरं काम

इथे थांबून नीट वाचा, कारण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. वरच्या मजल्यावरचा नळ बंद असेल तर पाइपात प्रेशर पूर्ण आहे असंच वाटतं, नळ उघडला की धार बारीक, कारण मधे कुठेतरी पाइप गंजून अर्धा बुजलाय. वायरचं अगदी तसंच आहे. लोड नसताना गंजलेल्या लगमधूनही मीटर पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो इथपर्यंत तर करंट येतोय. लोड लावा, मग मोजा. आणि ओहममध्ये मोजू नका, मोठ्या करंटच्या वायरमध्ये नडणारा रेझिस्टन्स इतका छोटा असतो की साधा मीटर त्याला शून्यच म्हणतो.

पद्धत सोपी आहे. जोडाच्या एका बाजूला एक क्लिप, दुसऱ्या बाजूला दुसरी, मीटर डीसी व्होल्टवर, आणि सर्किट चालू. चांगला जोड जवळपास काही दाखवत नाही. जेवढे व्होल्ट मीटरवर दिसतील तेवढे त्या जोडाने खाल्ले, यालाच ड्रॉप म्हणतात. माझा अंदाज असा आहे, मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच घ्यायचा: दिवे-रेडिओच्या लोडवर एका जोडात ०.०५ च्या वर काही दिसलं तर उघडून बघायचं, स्टार्टर फिरताना एका जोडात ०.२ च्या वर नको.

स्टार्टरचं मोजताना प्रॉपजवळ कोणी उभं राहायचं नाही. लांब वायरीच्या क्लिपा आधी लावून घ्या, वायर प्रॉपपासून आणि गरम एक्झॉस्टपासून लांब बांधा, मीटर कॉकपिटमध्ये, मग क्रँक करा. बॅटरी पोस्टपासून मास्टर कॉन्टॅक्टर, तिथून स्टार्टर कॉन्टॅक्टर, तिथून स्टार्टर असं एकेक टप्पा, आणि मग परतीचा रस्ता: इंजिनच्या बॉडीपासून एअरफ्रेम, एअरफ्रेमपासून बॅटरी निगेटिव्ह. नवीन माणूस पॉझिटिव्ह बाजूच मोजतो आणि अर्थिंग विसरतो. करंट जेवढा जातो तेवढाच परत यावा लागतो.

इंजिन रबराच्या माउंटवर असतं, म्हणून त्याला एअरफ्रेमशी जोडणारी एक वेणीसारखी पट्टी असते. एका विमानात स्टार्टर मरतुकडा फिरायचा, बॅटरी नवी. ती पट्टी वरून छान दिसत होती, हातात घेऊन वाकवली तर आतल्या तारा लगच्या तोंडाशी हिरव्या पडून तुटलेल्या, चार-पाच तारांवर सगळं चाललेलं. क्रँकच्या वेळी इंजिन आणि एअरफ्रेममध्ये १.६ व्होल्ट मिळाले. हा नुसता मंद स्टार्टरचा विषय नाही, पट्टी गेली की स्टार्टरचा करंट थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या केबलमधून परत यायला लागतो, केबल आतून जळते आणि एक दिवस थ्रॉटल अडकतो. पट्टी दरवेळी वाकवून बघा.

जुनं पायपर असेल तर आणखी एक गोष्ट: कित्येक चेरोकींमध्ये बॅटरीच्या जाड केबल अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. टोकाला ऑक्साइड धरतं, वरून काही कळत नाही, ड्रॉप मोजला की कळतं. तांब्याच्या केबलचे मंजूर किट मिळतात.

आता ती नाचणारी सेस्ना. त्या विमानांत रेग्युलेटर बसचं व्होल्टेज ज्या वायरने "बघतो" त्याच वायरने फील्डला करंटही देतो. त्या वायरमध्ये कुठे रेझिस्टन्स आला की रेग्युलेटरला बस खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते, तो फील्ड वाढवतो, फील्डचा करंट वाढला की ड्रॉप आणखी वाढतो, मग व्होल्टेज वर जातं, तो कमी करतो, आणि हे चक्र सुरू राहतं, काटा नाचतो. मी इंजिन बंद ठेवून दोन्ही मास्टर (बॅटरीचा आणि अल्टरनेटरचा) लावले आणि बसपासून रेग्युलेटरच्या इनपुटपर्यंत मोजलं, १.१ व्होल्ट गायब. मग एकेक टप्पा. फील्ड ब्रेकर ०.१. मास्टर स्विचचा अल्टरनेटरवाला अर्धा भाग ०.८! बाकी एका ढिल्या लगमध्ये. तो लाल जोड-स्विच काढला तर मागचं एक टर्मिनल भाजून तपकिरी झालेलं, नखाने खरवडलं तर प्लास्टिकचा भुगा पडला. दोन वर्षं, दोन रेग्युलेटर, एक अल्टरनेटर, आणि दोष ह्या नखाएवढ्या कॉन्टॅक्टचा. मालकांना तो स्विच हातात दिला तेव्हा ते बराच वेळ नुसते बघत राहिले.

८. चार्जिंग

इंजिन चालू, क्रूझच्या आसपासचा आरपीएम नको, मॅन्युअलमध्ये सांगितलेला घ्या, आणि लायटर सॉकेटमधून बस वाचा. चौदावाल्यात १३.८ ते १४.२ च्या आसपास, अठ्ठावीसवाल्यात २७.५ ते २८.५. चौदावाला १२.५ दाखवतोय म्हणजे बॅटरीवर चाललाय, १५ दाखवतोय म्हणजे बॅटरी उकळतोय.

अ‍ॅमीटर वाचायला आधी तो कुठल्या प्रकारचा आहे ते बघा, इथे खूप जण फसतात. जुन्या सेस्नात मधे शून्य असलेला असतो, तो बॅटरीत करंट जातोय की निघतोय ते सांगतो, म्हणून क्रूझमध्ये काटा शून्याच्या थोडा उजवीकडे असणं एकदम ठीक. पायपरमधला लोडमीटर असतो, तो अल्टरनेटर किती देतोय ते सांगतो, तिथे शून्य म्हणजे अल्टरनेटर गेला. एकच आकडा, दोन उलट अर्थ.

चार्जिंग अजिबात नसेल तर आधी बेल्ट, मग अल्टरनेटर मास्टर आणि फील्ड ब्रेकर. नंतर इंजिन बंद, दोन्ही मास्टर चालू, आणि फील्डचा रस्ता पकडून चालत जा: बस, फील्ड ब्रेकर, स्विच, ओव्हरव्होल्टेज रिले, रेग्युलेटर इनपुट, रेग्युलेटर आउटपुट, अल्टरनेटरचं फील्ड टर्मिनल. जिथे व्होल्टेज नाहीसं होतं तिथे फॉल्ट. शेवटपर्यंत आलं आणि तरी चार्जिंग नाही तर ब्रश किंवा अल्टरनेटर. फार वेळ तसं ठेवू नका, फील्ड गरम होतं.

चार्जिंग अर्धवट आहे, हेडसेटमध्ये शिट्टी आहे, तर डायोड (अल्टरनेटरच्या एसीचं डीसी करणारे) बघा. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा आणि बस वाचा. चांगल्या अल्टरनेटरला अगदी थोडं दिसतं, अर्धा व्होल्ट किंवा त्याच्या वर दिसलं तर डायोड गेल्याची शंका घ्या.

अल्टरनेटर चालू असताना बॅटरी मास्टर बंद करून "बघू काय होतं" असं कधीही करू नका. बॅटरी स्पंजासारखी उसळी शोषते, ती काढली तर उसळी थेट रेडिओंवर जाते.

९. ब्रेकर उडाला

ब्रेकर वायर वाचवायला असतो, वस्तू नाही. ५ अँपिअरचा उडतोय म्हणून १० चा लावला तर पुढच्या वेळी ब्रेकर नाही, वायर उडेल, आणि जुन्या पीव्हीसी वायरचा धूर त्या छोट्या केबिनमध्ये कसा असेल याचा विचार करा. थंड होऊ द्या, गरजेची वस्तू असेल तर एकदा दाबा, परत उडाला तर तसाच राहू द्या, खाली उतरून शोधा. वास किंवा धूर असेल तर एकदाही नाही. फ्यूज असेल तर त्याच आकड्याचा.

१०. लपंडाव खेळणारा फॉल्ट आणि रेडिओतला आवाज

कधी असतो कधी नसतो तो फॉल्ट सगळ्यात जास्त वेळ खातो. जिथे काही हलतं तिथे शोधा: पंखाचं मूळ, दाराची चौकट, फ्लॅप, योक (विमानाचं स्टिअरिंग), पॅनलमागे जिथे वायरांचा जुडगा कंट्रोल केबलला घासतो. आमच्याकडच्या एका विमानात टॉवरवाले सांगायचे की तुमचा माइक अडकलाय, आणि ते फक्त डावीकडे वळताना. रेडिओ दोनदा बेंचवर गेला, दोनदा ठीक म्हणून परत. बोलायचं बटण दाबलं की त्याची वायर अर्थ होते आणि रेडिओ ट्रान्समिट करतो. मी मीटर त्या वायरला लावून हळूहळू योक डावीकडे फिरवला, एका जागी मीटर बीप व्हायला लागला. योकच्या नळीत वायरचं इन्सुलेशन अंगठ्याच्या नखाएवढं घासून गेलेलं, तांबं दिसत होतं.

पावसाळ्यानंतर हँगरमधले उंदीर हा स्वतंत्र विषय आहे. शेजारी शेतं आहेत, सोयाबीन निघाला की ते आत येतात. सीटखाली, शेपटीच्या पोकळीत लेंड्या दिसल्या तर तिथून जाणारी प्रत्येक वायर टॉर्चने तपासा.

हेडसेटमध्ये आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी येत असेल तर जमिनीवर, इंजिन चालू असताना, फक्त अल्टरनेटर मास्टर क्षणभर बंद करा. गेली तर चार्जिंग बाजू, राहिली तर मॅग चेक करताना (म्हणजे दोन मॅग्नेटोंपैकी एकेक बंद करून बघताना) ऐका, एका मॅगवर टकटक येऊन दुसऱ्यावर जात असेल तर त्या मॅगची पी-लीडची शील्ड बघा. मॅग चेकमध्ये एका बाजूला आरपीएम अजिबात पडत नसेल तर खुश होऊ नका, दुसरा मॅग बंदच होत नाहीये, पहिली पायरी परत वाचा.

११. दुरुस्ती करताना

महाराणी रोडवर सगळं मिळतं, घरासाठी मी पण तिथूनच घेते, पण विमानात ती वायर नाही. विमानाला मिल स्पेक २२७५९ ची, टेफझेल इन्सुलेशनवाली वायर, आणि पार्टबरोबर रिलीजचा कागद हवा: सीए फॉर्म १, एफएए ८१३०-३ किंवा ईएएसए फॉर्म १, जो त्या पार्टला लागू असेल तो. कागद नसेल तर पार्ट कितीही चकचकीत असो, परत करा.

लग रॅचेटवाल्या क्रिंपरनेच दाबा, पकडीने नाही, आणि मग ओढून बघा. सोल्डर टाळा, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते. अर्थिंगच्या जागेचा रंग स्कॉचब्राइटने काढून अ‍ॅल्युमिनियम चमकेपर्यंत साफ करा, स्टील वूल नको, त्याचे कण आत राहून गंजतात. इन्सुलेशन टेप लावून काम भागवू नका, मे महिन्यात उन्हात उभ्या केबिनमध्ये तिचा गोंद वितळून वाहतो आणि टेप सुटते. केबल टायचं टोक सपाट कापा, पुढच्या माणसाचा हात फाटतो. पॅनलमागे हात घातला असेल तर शेवटी सगळे कंट्रोल पूर्ण टोकापर्यंत हलवून बघा, कुठे वायर अडकत तर नाही ना.

१२. वर असताना अल्टरनेटर गेला तर

आधी विमान उडवा, इंजिन मॅग्नेटोवर चालतंय, ते थांबणार नाही. फ्लाइट मॅन्युअलची चेकलिस्ट, त्यात सांगितलं असेल तर अल्टरनेटर मास्टर एकदा बंद-चालू. नाही आला तर लँडिंग लाइट, स्ट्रोब, दुसरा रेडिओ बंद, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) गरज नसेल तर बंद, आणि रेडिओ जिवंत आहे तोवर एटीसीला लगेच सांगा. चांगल्या बॅटरीवरही अर्धा तासच आहे असं धरा. बहुतेक १७२ मध्ये फ्लॅप विजेवर चालतात, पूर्ण फ्लॅप टाकले आणि बॅटरी संपली तर गो-अराउंडला (न उतरता परत वर जाताना) ते वर येणार नाहीत, म्हणून कमी फ्लॅपने किंवा फ्लॅपशिवाय उतरायची तयारी ठेवा.

१३. लॉगबुक आणि आकड्यांची वही

एएमईची एंट्री झाली की काम संपलं असं बरेच जण मानतात. मी आणखी एक करते. प्रत्येक विमानाचं एक पान, त्यात तारीख, बॅटरीचं रात्रभरानंतरचं व्होल्टेज, क्रँकच्या वेळचं, इंजिन-एअरफ्रेम ड्रॉप, बसपासून रेग्युलेटरपर्यंतचा ड्रॉप, चार्जिंगला बसचं व्होल्टेज, एसी किती. सगळं ठीक असतानाचे आकडे लिहून ठेवायचे, बिघडल्यावरचे नाही, म्हणजे तुलना करता येते.

त्या १७२ चा नवीन स्विच बसवल्यावर रेग्युलेटरपर्यंतचा ड्रॉप ०.०८ होता. गेल्या पावसाळ्यानंतर तोच ०.३१ झाला. काटा अजून स्थिर होता, पायलटची काही तक्रार नव्हती. फील्ड ब्रेकरचा मागचा लग अर्धा आटा ढिला निघाला, सरांच्या समोर साफ करून आवळला, परत मोजलं, ०.०७.